साम्रद, सहा इंची डॉब आणि पुसट दीर्घिका

दुर्बिणीतून दिसणाऱ्या दीर्घिकांची (आकाशगंगेसारख्या दूरच्या प्रचंड तारासमूहांची) रेखाचित्रं काढायची म्हणून भंडारदऱ्याला तळ्याकाठच्या तंबूत राहायचा बेत असेल, तर तो आत्ताच रद्द करा. मार्चमधल्या अमावस्येच्या शनिवार-रविवारला जोडून शुक्रवारीच निघालो होतो. जाहिरातीत 'शहराच्या दिव्यांपासून दूर, ताऱ्यांच्या सहवासात' वगैरे होतं. प्रत्यक्षात बांबूला बांधलेला हॅलोजन, चार शेकोट्या आणि रात्री दीडपर्यंत स्पीकर. दिवा बंद करा म्हटलं तर "दादा, बाकीची पब्लिक ओरडते" हे उत्तर. माणशी 1800 रुपये घेतलेच, वर "शूटिंगचा चार्ज" म्हणून 500. कॅमेरा नाही, ट्रायपॉड नाही, ही नुसती बघायची दुर्बीण आहे हे सांगून माझा घसा बसला. शेवटी 300 वर तुटलं. प्रकाशप्रदूषणाच्या नकाशावर ही जागा झकास दिसते. पण तो नकाशा उपग्रहाने टिपलेल्या उजेडावरून बनतो. तुमच्या डोळ्यापासून वीस पावलांवरचा हॅलोजन त्यात येत नाही.

शनिवारी सकाळी तिथून उठलो आणि तळ्याला वळसा घालून रतनवाडीमार्गे साम्रदला गेलो. वाटेत अमृतेश्वराचं देऊळ लागतं, चांगलं आहे, बघा. रतनवाडीच्या पुढच्या रस्त्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. लहान गाडी असेल आणि मागच्या सीटवर दुर्बिणीची सव्वा मीटरची नळी आडवी ठेवली असेल, तर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊच नका. मी नळीला गोधडी गुंडाळली होती, तरी नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या, दुय्यम आरशाचे स्क्रू ढिले झाले आणि संध्याकाळचा अर्धा तास आरसे जुळवण्यात गेला. आरसे जुळवायचं साधन घरी ठेवून इकडे येऊ नका. मोठा आरसा खोलता येत असेल तर तो खोलून मांडीवर घेऊन बसा. मी गंमत करत नाहीये.

साम्रदला गावातल्या घरी जेवण आणि ओटीवर झोपायची सोय होते. पिठलं-भाकरी, भात आणि झोपायला जागा मिळून माणशी 400 रुपये झाले, त्याबद्दल तक्रार नाही. दुर्बीण लावायला भाताची कोरडी खाचरं उत्तम, जमीन सपाट आणि बांधावर बसायची सोय. मालकाला आधी विचारा. बिबट्याचा वावर आहे, गावातली माणसं एकट्याने बसू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आकाश कसं आहे? उत्तरेला नाशिकची झळाळी, वायव्येला इगतपुरी, पश्चिमेला कल्याण-मुंबईकडचा पिवळट पट्टा. पूर्व बरी. दक्षिण मात्र खरोखर काळी. म्हणजे सप्तर्षीतल्या दीर्घिकांवर इथे वेळ घालवू नका. त्यातही एम 101 च्या (म्हणजे मेसिये यादीतल्या 101 नंबरच्या) नादी तर अजिबात लागू नका. पुस्तकात तिची प्रत (तेजाचा आकडा, जितका कमी तितकी ठळक) 7.9 लिहिलेली असते, एम 104 ची 8.0. आकडे बघून दोन्ही सारख्याच दिसतील असं वाटतं. पण एम 101 चा तेवढाच उजेड जवळजवळ पूर्ण चंद्राएवढ्या जागेत पसरलेला आहे, एम 104 चा नऊ कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी लांबीच्या बारीक चकतीत. एक धडधडीत दिसते, दुसरीसाठी डोळे फोडून घ्यायचे. यादी करताना प्रतीच्या शेजारी आकार लिहीत चला, नाहीतर तो एकटा आकडा तुम्हाला फसवणार.

आता शनिवार रात्र, आणि माझा मुख्य संताप. साम्रदहून सांदण दरीत उतरतात. मुंबई-पुण्याहून ट्रेकवाल्यांच्या बसगाड्या रात्रभर प्रवास करून पहाटे तीनच्या सुमारास गावात येतात. डोळा अंधाराला नीट सरावायला अर्धा तास लागतो आणि तो घालवायला हेडलाइटचा एक झोत पुरतो. मी नेमकी दक्षिणेकडची दीर्घिका पकडली होती. पहिली बस वळली, मी डोळा मिटला. मग दुसरी, मग तिसरी, मग साठ-सत्तर जणांच्या डोक्यावरच्या बॅटऱ्या आणि "काका, शनी दिसतो का?" शनी नाही दिसत. त्या रात्रीचा कागद अर्धवट राहिला. शनिवारी साम्रदला जाऊ नका. शुक्रवारीही नको. रविवार ते गुरुवार जा, रजा टाका.

रविवारी रात्री गाव शांत होतं. त्यातच दुपारी अवकाळीचा एक शिडकावा होऊन गेला होता, त्याने हवा धुऊन निघाली. हे महत्त्वाचं आहे, कारण या दिवसांत शेतकरी राब भाजतात (शेतात पालापाचोळा जाळतात) आणि डोंगरात वणवेही असतात. धूर साचला की क्षितिजापासून हातभर उंचीपर्यंत काहीच दिसत नाही. मघा नक्षत्र ठसठशीत दिसतंय म्हणून हवा स्वच्छ आहे असं धरू नका, धुराचा फटका पुसट गोष्टींनाच बसतो.

सहा इंची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आणि 25 व 10 मिलिमीटरच्या दोन आयपीस (डोळ्याला लावायची भिंगं) एवढ्यावर काम होतं. पहिलीने 48 पट आणि आकाशाचं जवळपास एक अंशाचं क्षेत्र मिळतं, दुसरीने 120 पट. लहान दीर्घिकेला 120 पट लावून बघाच, पार्श्वभूमी काळी पडते आणि कडा सुटतात.

आपल्या अक्षांशावरची एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडत नाही. सिंह आणि कन्येतल्या दीर्घिका मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आल्या की जवळजवळ डोक्यावर असतात, आणि नळी सरळ वर असताना डॉब आडवी फिरवणं म्हणजे छळ. म्हणून ज्या वेळी दीर्घिका सर्वात उंच असते तीच वेळ टाळायची. मार्चच्या मध्याला मी ठेवलेला क्रम असा: साडेदहाला सिंहेतलं त्रिकूट, साडेअकरा ते साडेबारा कन्येचा समूह, त्यानंतर सरळ दक्षिणेकडे वळायचं.

त्रिकूट सोपं आहे. पूर्वा फाल्गुनीतल्या दक्षिणेकडच्या ताऱ्याच्या खाली एम 65 आणि एम 66, दोन्ही पटकन दिसतात. तिसरी एनजीसी 3628 (एनजीसी ही दुसरी, मोठी यादी) म्हणजे नुसती शंका. तिच्यासाठी नजर बाजूला न्यावी लागते. उजवा डोळा लावला असेल तर थोडं उजवीकडे बघा, म्हणजे दीर्घिका नाकाच्या बाजूला राहते. उलट केलंत तर ती डोळ्याच्या अंधबिंदूवर पडून गायब होईल. नळीला हलकी टिचकी मारा, हललेली पुसट गोष्ट स्थिर असतानापेक्षा लवकर जाणवते.

कन्येच्या समूहात वाट चुकणार. ओळखीचा ठळक तारा जवळपास नाही आणि जिथे नळी वळवाल तिथे धुरकट ठिपका. मी बराच वेळ एका ठिपक्याला एम 84 समजून बसलो होतो, फाइंडरमधल्या (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतल्या) ताऱ्यांनी खोटं पाडलं. उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला व्हिंडेमिएट्रिक्स यांच्या बरोब्बर मध्ये नेम धरा, एम 84 आणि एम 86 एकाच क्षेत्रात येतात. तिथून पूर्वेकडे एनजीसी 4435 आणि 4438 ची जोडी. दीर्घिकांची ही साखळी पकडली की ती सोडू नका, एकेक करत पुढे सरका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एम 87 ही इथेच. 2019 मध्ये जिच्या कृष्णविवराची प्रतिमा जगभर गाजली तीच ही, पण काढायला भयंकर कंटाळवाणी. गोल, मध्ये उजळ, संपलं.

चित्राचं सामान: परीक्षेला नेतात ते पॅड, जाड कागद, 2बी पेन्सिल, खोडरबर, घासायला कागदी स्टंप किंवा कानातला बड. वर्तुळं घरूनच काढून न्या, चहाच्या डब्याचं झाकण पुरतं. टॉर्चला लाल जिलेटीन कागदाच्या इतक्या घड्या घाला की पेन्सिलीचं टोक जेमतेम दिसेल. बाजारातले लाल हेडलॅम्प डोळे दिपवतात. आधी क्षेत्रातले तारे मांडा, ठळक तारा मोठा ठिपका. डॉब स्वतः फिरत नाही, त्यामुळे तारा साधारण चार मिनिटांत एका कडेहून दुसऱ्या कडेला जातो. तो जिथून बाहेर पडतो तिथे 'प' (पश्चिम) लिहा, नाहीतर घरी नकाशाशी ताडताना डोकं फिरतं. दीर्घिका सर्वात शेवटी, आणि आधी स्टंपने झाक, मग मध्यावर पेन्सिल. एकेका चित्राला निदान वीस मिनिटं द्या, पहिल्या पाच मिनिटांत जे दिसत नाही ते पंधराव्या मिनिटाला दिसतं.

आणि फोटो आठवून काढू नका. 1845 मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधल्या बर इथे एम 51 चे सर्पिल हात काढले, पण 72 इंची आरशाने. सहा इंचीने तुमच्या कागदावर हात उमटले तर ते इंटरनेटवरून आलेत.

एम 104 साठी हस्त नक्षत्राच्या थोडं वर जा. आपल्याकडे ती दक्षिणेला साठेक अंश उंच येते, मान मोडत नाही, आणि 120 पटीत एका बाजूची कड सुरीने कापल्यागत सरळ दिसते. पण सगळ्यात मोठी मजा अडीच वाजता. क्षितिजाच्या वर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ साध्या डोळ्यांनी दिसतो, तिथून साडेचार अंश उत्तरेला नळी सरकवली की एनजीसी 5128. गोल धुरकट प्रकाश, आणि त्याच्या मधोमध आरपार गेलेला काळा पट्टा. शनिवारी बसगाड्यांनी खाल्ली ती हीच. युरोपातल्या बहुतेक मंडळींना ही उगवतही नाही. मी तिची लागोपाठ दोन चित्रं काढली, दुसऱ्यात पट्ट्याची एक बाजू किंचित रुंद आली आणि नकाशाशी ताडल्यावरही ती तशीच आहे. त्या अर्ध्या तासासाठी रतनवाडीपुढचा रस्ता पुन्हा सोसेन, बसवाल्यांनाही माफ.

पेट्रोल घोटीलाच भरा. फोनला रेंज येते-जाते, तारकानकाशे आधी उतरवून ठेवा, आणि रोख पैसे सुटे न्या. फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ. मेच्या शेवटी काजवे बघायला जी गर्दी लोटते तेव्हा रात्रभर त्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, आणि दुर्बीण काढायला जागासुद्धा मिळत नाही.