तुम्ही विचारलंत म्हणून: पीसीओडीची पावडर आणि दिवस राहणे

ठाण्यात नौपाड्यातल्या एका गल्लीत माझे औषधांचे दुकान आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी तिथे एकच प्रश्न येतो: "ती पीसीओडीची पावडर घेतली तर दिवस राहतील ना?" पीसीओडी म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा विकार. विचारणारी आवाज खाली आणून विचारते आणि मागे दुसरे गिऱ्हाईक आले की खोकल्याच्या गोळ्या मागू लागते.

पावडर म्हणजे इनोसिटॉल या साखरेसारख्या घटकाचे सॅशे. मी आधी खोका उलटा करून दाखवते, कारण कामाचा मजकूर मागच्या बाजूला असतो. प्रयोगांत बहुधा दिवसाला ४ ग्रॅम मायो-इनोसिटॉल (त्याचाच एक प्रकार) दिलेले आहे. खोक्यावरचा आकडा त्याच्या जवळपास आहे का, हे पाहावे. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असे छापलेले असते, कारण कायद्याच्या दृष्टीने हा खाद्यपदार्थ आहे.

कल्पना मात्र पोकळ नाही. या विकारात अनेकींचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त तयार होते, त्यामुळे बीजकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडणे अडते. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवण्यात इनोसिटॉलचा सहभाग असतो. काहींची पाळी त्याने मार्गी लागलेली मी पाहिली आहे, पण पाळी मार्गी लागणे आणि मूल होणे यांत बरेच अंतर आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही इनोसिटॉलचा विचार करायला हरकत नाही, मात्र पुरावा तोकडा आहे, एवढेच म्हणतात. बीज सुटावे यासाठी त्यांनी पहिली पसंती दिली आहे लेट्रोझोल या औषधाला. अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांच्या २०१४ च्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के. लेट्रोझोल मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही गळ घातली तरी.

गंमत अशी, की जे खरोखर घ्यायलाच हवे ते फॉलिक ॲसिड सर्वांत स्वस्त, म्हणून कोणाला त्याचे अप्रूप नाही. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. म्हणून रोजचे ४०० मायक्रोग्रॅम प्रयत्न सुरू करण्याच्या आधीपासूनच हवेत. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी पीसीओडीतही देतात; ती दीर्घकाळ घेणाऱ्यांचे, त्यातही शाकाहारी असणाऱ्यांचे, बी-१२ जीवनसत्त्व खालावू शकते, तेव्हा ते तपासून घ्यावे.

केस गळतात म्हणून अनेकजणी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) खातात. त्याने थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो, आणि तो अहवाल तर या तपासण्यांत हमखास मागितला जातो. रक्त देण्यापूर्वी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

एवढे झाल्यावर मी उलट विचारते, की नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का. "त्यांची कशाला, दोष तर माझ्यातच आहे ना," हे उत्तर इतक्यांदा ऐकले आहे, की आता मी सॅशेचा खोका फळीवर परत ठेवते आणि कोपऱ्यावरची लॅब सकाळी किती वाजता उघडते, ते कागदावर लिहून देते.