तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या गालांविषयी

एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ती जागा. तिथल्या बाकावर नव्यानं गोळ्या चालू झालेली एखादी बाई शेजारी येऊन बसते. गाव कुठलं, मुलं किती, एस.टी. वेळेवर मिळाली का, एवढं झालं की माझ्या तोंडाकडे बघत हळूच विचारतेच, "मावशी, गोळ्यांनी असं होतं का?" 'असं' म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक असतं. माझे गाल आत गेलेत, कानशिलं बसलीत.

होय, गोळीनंच झालं. पण ती गोळी आता तुमच्या डबीत नाही. एवढं ऐकलं की बऱ्याच जणी सुटल्यासारख्या उठून जातात. त्यापुढचं सांगायचं राहतं, ते इथे लिहिते.

2006 साली माझा सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, 112 इतका कमी आला. सरकारी मोफत औषधं सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. अंगाची खाज मात्र गोळ्यांच्या आधीपासूनची. हातापायांवर पुटकुळ्या, खाजवून खाजवून काळे डाग. सासूबाई उष्णता म्हणायच्या आणि कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी तापवायच्या. ती उष्णता नव्हती, तो आजारच होता. गोळ्या चालू झाल्यावर पाच-सहा महिन्यांत खाज बसली. डाग जायला त्याहून कितीतरी वेळ लागला.

पहिले 14 दिवस सकाळी तीन औषधांची गोळी आणि रात्री दोनचीच. तिसरं औषध नेव्हिरापिन, ते अंगाला सावकाश लावून द्यावं लागे, नाहीतर पुरळ उठे. मला दहाव्या दिवशी उठलंच. डॉक्टरांनी तीन गोष्टी पाहिल्या: ताप आहे का, तोंडात फोड आहेत का, डोळे लाल झालेत का. काहीच नव्हतं, म्हणून गोळी चालू ठेवली. तुमची गोळी कुठलीही असो, नवीन चालू झाल्यावर पुरळ आलं तर या तीन गोष्टी बघा. एक जरी असली तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सेंटर गाठा.

मग अंग भरलं. 38 किलोंची मी 50 वर गेले, घरात आनंद झाला. आणि दुसऱ्या वर्षी ते सुरू झालं.

मी ब्लाउज शिवते. माझं स्वतःचं माप वहीच्या पहिल्या पानावर असतं. दंड साडेदहा इंच होता. 2008 च्या दिवाळीत स्वतःचा ब्लाउज बेतायला घेतला तर टेप साडेआठवर आली. परत लावली, तेवढंच. वजनाचा काटा तर जागचा हलला नव्हता, कारण दंडावरचं गेलं तसं पोट सुटत होतं. हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. मशीनच्या स्टुलावर बसलं की हाडं टोचायची, म्हणून खाली उशी घ्यायला लागले. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. ते सगळे पोटावर गेले.

हे माझ्या गोळीतल्या स्टॅव्हुडिन नावाच्या औषधाचं काम होतं. चरबीच्या पेशींना शक्ती पुरवणारी यंत्रणाच ते बिघडवतं, म्हणून गाल, दंड, मांड्या वाळत जातात आणि खाऊन भरून येत नाहीत. त्या काळात असं तोंड म्हणजे चालताबोलता रिपोर्ट. गिऱ्हाइकं विचारायची, "शुगर झाली काय?" मी हो म्हणायची. शुगर हा इभ्रतीचा आजार आहे.

तपासणीला विचारत ते खोकला, ताप, गोळी चुकली का. एकदा धीर करून गालांचं काढलं तर उत्तर मिळालं, "जीव वाचला ना? मग तोंडाचं काय घेऊन बसलात!" त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडलं नाही. आणि मनानंच रात्रीची गोळी बंद केली. तुम्ही हे करू नका म्हणून सांगते, मी शहाणी होते असं नाही. काउन्सेलर मॅडमनी डबी मोजली तर 21 गोळ्या जास्त निघाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसतं "का?" विचारलं. मला रडू आलं. म्हटलं, "माझं तोंड बघा की."

मग हिमोग्लोबिन तपासलं आणि स्टॅव्हुडिनच्या जागी झिडोव्हुडिन आलं. हे 2009 साल. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करायला सांगितलं, तरी आपल्याकडे ते पुढेही काही वर्षं चाललं. झिडोव्हुडिननं नखांवर काळ्या-निळ्या रेघा आल्या. माप घेताना गिऱ्हाइकाची नजर आधी बोटांवरच जाते, म्हणून बारा महिने मरून नेलपॉलिश लावायची. बाह्या कोपरापर्यंत आणि आतून जाड अस्तर, ही माझी फॅशन तेव्हापासूनची. दोघीतिघींनी ती बघून तसेच ब्लाउज शिवून घेतले!

2021 पासून रोज एकच गोळी, त्यात डोल्युटेग्रॅव्हिर आहे. विषाणू रिपोर्टात दिसत नाही इतका खाली आहे. आता बाकावरचा प्रश्न उलटा येतो, "मावशी, गोळीनं जाडी वाढते का?" पुष्कळांची वाढते, आणि बायकांची जास्त. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासातही तेच दिसलं. माझं दीड वर्षात सहा किलो वाढलं. रात्रीचा भात कमी केला, चालायला जाते, शुगर आणि बीपी बघून घेते. गोळीला हात लावत नाही. काही वेगळं वाटलं की तारीख नसली तरी जाऊन सांगते, आणि कुणी हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या टेबलावर सांगते.

गाल थोडे भरलेत, पहिल्यासारखे नाहीत. मागच्या आठवड्यात तीन जुने ब्लाउज उसवले. बाजूला दीड इंच माया ठेवली होती, ती कामी आली. वहीच्या पहिल्या पानावर नवी तारीख घातली: छाती 36, कंबर 34, दंड 9. गालांचं माप घ्यायची पद्धत आमच्या धंद्यात नाही.