तुम्ही विचारलंत म्हणून: आग लागलेली नसते तेव्हा

लग्नात, सलूनमध्ये, पोराच्या शाळेत, कुठंही ओळख झाली की हा प्रश्न येतोच. "आपल्या गावात महिन्याला आगी लागून लागणार किती? मग बाकीचे दिवस तुम्ही करता काय?" परवा शेजारच्या काकूंनीही विचारलं. तेव्हा काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत मी फायरमन आहे. एक मोठा बंब, एक छोटी गाडी, पाळीला तीन-चार माणसं. बंबाच्या टाकीत 4500 लिटर पाणी मावतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण एक पाइप पूर्ण दाबानं सोडला तर दहाएक मिनिटांत टाकी कोरडी होते. पुढचं पाणी कुठून आणायचं, हे आग लागल्यावर शोधत बसलो तर तोवर गोठा गेलेला असतो.

म्हणून महिन्यातून एकदा आम्ही गाडी घेऊन नुसते हिंडतो. कुठल्या विहिरीला किती पाणी आहे, पाटाला पाळी कधी आहे, कुणाच्या शेततळ्यापर्यंत बंब जाईल, हे बघून वहीत लिहितो. विहिरीतून पाणी ओढायचं तर पंपापासून पाणी फार खोल असून चालत नाही. सात मीटरच्या पलीकडं गेलं की पंप कितीही चांगला असला तरी धाप टाकतो. मार्चमध्ये भरलेली विहीर मेमध्ये तळाला गेलेली असते, म्हणून हे दर महिन्याला. त्याच फेरीत गल्ल्याही बघतो. कुणी ओटा पुढं घेतलाय, कुठं केबल खाली लोंबतेय, कुठं मंडपाचे खांब उभे राहिलेत. बंब वळणार नाही असा एकच कोपरा अख्ख्या पेठेला महागात पडू शकतो.

मग पाइप. एक होज साधारण 15 मीटरचा, दोन्ही टोकांना कपलिंग. आम्ही ते अंथरतो, पाणी सोडून दाब देतो, गळतंय का बघतो, धुतो, उभे टांगून वाळवतो आणि गुंडाळून ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, धुणं चाललंय. मी नोकरीत नवीन होतो तेव्हा एका वर्दीवरून, म्हणजे आगीच्या बोलावण्यावरून, परत आल्यावर कपलिंगमधला रबरी वायसर निसटला होता. बांगडीएवढी ती चकती. मी बघितलं नाही, पाइप तसाच ठेवून दिला. पुढची वर्दी आली कडब्याच्या गंजीची, शेजारीच गोठा. पाइप जोडला, पाणी सोडलं, तर निम्मं पाणी जोडातूनच फवारा मारत बाहेर. पुढं नुसती धार. दुसरा पाइप काढून जोडेपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात त्या घरातल्या बाईनं विळ्यानं दावी कापून जनावरं बाहेर काढली होती, म्हणून जनावरं वाचली. तिचे भाजलेले हात मला अजून दिसतात. तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक कपलिंगमध्ये बोट फिरवून मी वायसर चाचपतो. नवीन पोरांनाही हेच पहिल्यांदा शिकवतो, शिडी आणि दोर नंतर.

महिन्याचे एक-दोन दिवस शाळा, बचत गट, दवाखाने यांच्यासाठी. बचत गटात आम्ही सिलिंडर पेटवून दाखवतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत पसरतो, म्हणून वास आला की आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि लाइटचं बटण चालूही करू नका नि बंदही करू नका. घराबाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या नंबरला फोन लावा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच ओतायचं नाही, गॅस बंद करून वर ताट झाकायचं. हे सगळं सांगून होतं, पण खरी गोष्ट हातानं केल्यावरच कळते. मागं एक आजी पुढं आल्या, ओलं पोतं दोन्ही हातांत धरलं, हात थरथरत होते. ज्वाळेवर पोतं आपल्या बाजूनं पुढं सरकवत टाकलं आणि जाळ गप्प झाला. आजींनी सुनेकडं वळून बघितलं, ती नजर मला पगारापेक्षा मोठी वाटते.

दवाखान्यांत मी जास्त वेळ देतो. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर कुठल्याही दवाखान्याच्या जिन्यात औषधांचे खोके रचलेले दिसले की मी ते हलवल्याशिवाय तिथून निघत नाही. डॉक्टर नाराज झाले तरी चालतील.

बाकी महिन्यागणिक काम बदलतं. एप्रिलमध्ये 14 तारखेला मुंबईच्या गोदीत 1944 साली झालेल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या 66 जवानांना मानवंदना देतो. पावसाळ्याआधी बोट, इंजिन, लाइफ जॅकेट बाहेर निघतात. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 असताना. त्या दिवसांत आम्ही विझवायला नाही, माणसं काढायला गेलो.

आणि उन्हाळा तोंडावर आला की ऊस. पाचट वाळलेलं, वारं सुटलेलं, वरच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते आणि बघता बघता एकरच्या एकर पेटतो. जळका ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, म्हणजे शेतकऱ्याचं वर्षच जातं. तिथं पेटलेल्या उसात पाणी मारून भागत नाही. वाऱ्याच्या पुढं जाऊन उसाचा एक पट्टा तोडून मोकळा करावा लागतो, आणि त्यासाठी वेळेत पोचावं लागतं. अडतं नेमकं इथंच. फोनवर माणूस घाबरून सांगतो, "पाटलाच्या मळ्यात या." पाटलाचा मळा प्रत्येक गावाला आहे, काकू. म्हणून आम्ही दर महिन्याला मळ्यांच्या वाटा, डीपीचे, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे, नंबर, पाटाचे पूल वहीत उतरवतो आणि चावडीवर बसून लोकांना एवढंच सांगतो: 101 ला फोन करा, गावाचं नाव आधी सांगा, जवळची डीपी किंवा देऊळ सांगा, आणि एक माणूस फाट्यावर उभा करा.

मागच्या फेब्रुवारीत एका फाट्यावर सातवीतलं पोरगं लाल टॉवेल हलवत उभं होतं. आमच्या शाळेतल्या कार्यक्रमाला होतं म्हणे. बंबाच्या पुढं सायकलवर पळत त्यानं आम्हाला थेट बांधापर्यंत नेलं. त्या दिवशी निम्मा ऊस उभा राहिला.