लाल जास्वंद आणि काळी पेन्सिल

पेन्सिलनं हुबेहूब फूल काढायचंय असं म्हणणारी बहुतेक माणसं गुलाब घेऊन बसतात आणि तिथंच अडकतात. गुलाबाच्या पाकळ्या एकीत एक गुंडाळलेल्या, मधला भाग झाकलेला, कुठली पाकळी कुठून निघाली याचा पत्ता लागत नाही. मग मधोमध एक गुंडाळी काढायची आणि भोवती पाकळ्या रचत जायचं, एवढंच हातात उरतं. गुलाब सावकाश काढा. आधी जास्वंद काढा. तीही गावठी, लाल, पाच पाकळ्यांची, कुंपणाला लावतात ती. डबल पाकळ्यांची नको. मिरची जास्वंद तर मुळीच नको, ती उघडतच नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं हा माझा रोजचा संसार. पण रविवारी सकाळी आमच्या पडवीत मोठी माणसंही येतात. त्यांनी शाळा सुटल्यापासून पेन्सिल फक्त हिशेबापुरती हातात धरलेली असते. हे सगळं त्यांच्यासाठी लिहिते आहे.

जास्वंद सांगण्याचं कारण सोयीचं आहे. इथं ती दारोदार आहे आणि गणपतीला लागते म्हणून प्रत्येकाकडे एक तरी झाड असतंच. दुसरं म्हणजे ती सकाळी उमलते आणि तोडली तरी, पाण्यात न ठेवताही, दिवसभर उघडी राहते. संध्याकाळी पाकळ्या आत गुंडाळायला लागतात. मोगरा उन्हात मान टाकतो, प्राजक्त टेबलावर ठेवेपर्यंत सुकतो. जास्वंद मात्र नवख्या माणसाला अख्खा दिवस देते. तोडताना दोन पानं आणि एक कळी असलेली छोटी डहाळीच तोडा आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत वाळू भरून त्यात खोचा. वाळूत ती हलत नाही. खिडकी डाव्या हाताला येईल असं बसा. डावखुरे असाल तर उजव्या हाताला. दिवा आणि खिडकी असे दोन उजेड एकदम नकोत, सावल्यांचा गोंधळ होतो.

आणि चित्रासाठी एक फूल तोडाल तेव्हा कापण्यासाठी आणखी एक तोडा.

होय, कापण्यासाठी. ब्लेडनं फूल देठापासून वरपर्यंत उभं चिरा. बोटांना बुळबुळीत चिकट लागेल, जांभळट डाग पडेल, पडू द्या. आता आत बघा. तळाशी हिरव्या पेल्यात एक छोटा फिकट गोळा आहे, तो बीजकोश. पाकळ्यांच्या मधून जी लांब नळी बाहेर येते, ती पोकळ आहे. तिच्या आतून एक बारीक दोरा थेट बीजकोशातून निघून वरपर्यंत गेलेला असतो आणि नळीच्या टोकातून बाहेर पडून पाच फांद्यांत फुटतो. प्रत्येक फांदीच्या टोकाला लाल मखमली गोंडा. पिवळे दाणे त्या दोऱ्याला नसतात, ते नळीच्या बाहेरच्या अंगाला असतात, प्रत्येकाला स्वतःचा छोटा तंतू. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती नळी पाकळीवर चिकटवल्यासारखी काढणं तुमच्या हातून होणारच नाही. देठ, हिरवा पेला आणि नळी यांचा आस एकच असतो. कागदावर सगळ्यात आधी तीच एक रेघ काढायची, अगदी हलकी, पुढे थोडी वाकणारी. पाकळ्या नंतर.

फूल उलटं करूनही बघा. हिरव्या पेल्याला पाच टोकं आहेत आणि त्याच्याखाली आणखी अरुंद हिरव्या पट्ट्यांचं एक कडं आहे. भेंडीच्या फुलाखालीही असंच कडं सापडेल, कापसाच्या बोंडाखालीही, कारण ही सगळी एकाच कुळातली. नवखे लोक हा भाग काढतच नाहीत, कारण समोरून तो दिसत नाही. म्हणूनच मी पहिलं चित्र समोरून काढू देत नाही. फूल जरासं वळवून ठेवा, म्हणजे तोंड आपल्याकडे तिरकं येईल आणि पेल्याची एक बाजू दिसेल. समोरून पाहिलेली जास्वंद चपटी आणि रांगोळीतली वाटते. तिरकी ठेवली की तिला खोली येते.

तिरकं तोंड म्हणजे लंबवर्तुळ. वस्तुचित्रात बादलीचं किंवा तांब्याचं तोंड काढलं असेल तर ते इथं कामाला येईल. पाच पाकळ्यांची बाहेरची टोकं कुठे पोचतात ते हलक्या लंबवर्तुळावर पाच खुणांनी मांडून घ्या. आपल्याकडे येणारी पाकळी तिरकी असल्यामुळे आखूड दिसते. ती आखूडच काढा. मन म्हणेल पाचही सारख्या आहेत, त्याचं ऐकू नका. माप घ्यायला कंपासपेटीतला डिव्हायडर वापरा. फूल जवळ ठेवून त्याच्याच आकाराएवढं चित्र काढा, म्हणजे लहानमोठं करण्याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही. हे फूल साधारण दहा सेंटिमीटरचं असतं, ए-फोर कागदावर पानांसकट नीट मावतं.

पाकळ्यांमधली एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही पाकळ्या अशा एकाच दिशेनं एकमेकींवर आलेल्या असतात. त्यामुळे फुलाला एक फिरकी मिळते. चित्रात एखादी पाकळी दोन्ही बाजूंनी वर आली तर ती फिरकी मोडते आणि काय चुकलंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं. कुठली कड वर, कुठली खाली, हे रेघांच्या अवस्थेतच ठरवून टाका. पाचही पाकळ्या खाली नरसाळ्यासारख्या गळ्यात उतरतात. शिरा, सुरकुत्या, सावल्या, सगळं त्या गळ्याकडे जातं.

इथवर एच किंवा एचबी पुरे. हात हलका. पेन्सिलीचा एच-बी हा सगळा खेळ मातीचा आहे. शिसं आपण नुसतं म्हणतो, त्यात शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. फ्रान्सच्या कोंते यांनी १७९५ मध्ये ही दोन्ही एकत्र भाजायची रीत काढली आणि माती किती यावरून कठीण-मऊ ठरवता येऊ लागलं. माती जास्त तर एच, म्हणजे कठीण आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर बी, म्हणजे मऊ आणि काळी. म्हणून एचबी कितीही दाबली तरी ४बीचा काळा ती देणार नाही. कागदाला खळगा पडेल आणि वर चकाकी येईल, एवढंच. गडद हवं असेल तर पेन्सिल बदला, जोर वाढवू नका. एच, एचबी, २बी, ४बी आणि एक ६बी एवढ्या पुरतात. अप्सरा, कॅमल, काहीही चालेल. कागद मात्र कार्ट्रिजचा, म्हणजे चित्रकलेचा जाड कागदच घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे कागद दमट होतो, मऊ पडतो आणि खोडलं की त्याचे तंतू उठतात. म्हणून मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवते आणि लागेल तेवढाच बाहेर काढते.

आता खरा मुद्दा. आमच्या रविवारच्या मंडळीत एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांची बाह्यरेषा सुरेख जमली होती. पाकळ्या वळलेल्या, नळी जागेवर. पानं त्यांनी गडद रंगवली आणि पाकळ्या जवळजवळ कोऱ्या ठेवल्या. मग म्हणाले, "बाई, सगळं आलं, पण हे फूल पांढरं वाटतंय. लाल रंग या काळ्या पेन्सिलनं कसा दाखवायचा?"

मी म्हटलं, "काका, डोळे अर्धे मिटून फुलाकडे आणि पानाकडे बघा. जास्त काळं काय दिसतं?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "दोन्ही सारखंच दिसतंय की!"

तेच तर आहे. लाल रंग भडक असतो, उजळ नसतो. गावठी जास्वंदीचा लाल आणि तिच्याच पानाचा हिरवा, रंग काढून घेतला तर जवळपास एकाच करड्या छटेचे असतात. विश्वास बसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा. फूल नाजूक असतं, म्हणून हात आपोआप हलका पडतो आणि चित्र फिकट राहतं. नाजूकपणा कडांमध्ये आणि सुरकुत्यांमध्ये असतो. छटा मात्र जेवढी गडद दिसते तेवढी द्यायलाच हवी. कागदाच्या कडेला पाच चौकोन करा, पहिला कोरा, शेवटचा ६बीनं भरलेला, मधले तीन टप्प्याटप्प्यानं. मग फुलाचा प्रत्येक भाग डोळे किलकिले करून बघा आणि तो कुठल्या चौकोनात बसतो ते ठरवा. उजेडातली पाकळी तिसऱ्यात येईल, सावलीतली चौथ्यात, आणि गळा थेट पाचव्यात. कोरा कागद पाकळीवर फार थोड्या ठिकाणी उरेल.

छटा भरताना पेन्सिल गळ्यापासून कडेकडे न्यायची, पाकळीच्या वळणानं, आणि कडेजवळ येता येता उचलायची. आधी एचबीचा एक सलग थर. त्यावर २बी. ४बी फक्त तिथं, जिथं एक पाकळी दुसरीवर सावली टाकते, आणि ६बी गळ्यात. शिरा रेघा मारून कोरू नका. शिरेच्या एका अंगाला बारीक गडद पट्टा दिला की दुसरं अंग आपोआप उठून येतं. बाहेरची कड किंचित चुणीदार असते, तिथं लाट वर येते तिथं फिकट, आत जाते तिथं गडद.

बोटानं घासू नका. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगते की मुलं आता माझ्याआधीच म्हणतात. बोटाचं तेल कागदात जातं, त्या जागी पुढचा थर धरत नाही आणि पाकळी धुरकट होते. जास्वंदीच्या पाकळीला जो रेशमी पोत आहे तो पेन्सिलीच्या बारीक रेघांतूनच येतो. कापूस, टिश्यू, इयरबड, सगळं बाजूला ठेवा. हाताखाली एक कोरा कागद घ्या म्हणजे चुकूनही घासलं जाणार नाही.

पिवळे दाणे हा या फुलाचा सगळ्यात सुंदर भाग आणि तेच शेवटी कागदावर कोरे राहतात. पिवळा म्हणजे जवळपास पहिला चौकोन. दाणे काढायचे नसतात, राखायचे असतात. सुरुवातीलाच एचनं प्रत्येक दाण्याचा छोटा आकार हलका नोंदवून ठेवा, सारखे गोल नको, काही कडेनं दिसतात, काही एकमेकांवर आलेले. मग मागची पाकळी रंगवताना त्यांच्यामधल्या फटी भरत जा. फटी गडद झाल्या की दाणे पुढे येतात. यासाठी पेन्सिलीला ब्लेडनं लांब टोक काढा, शार्पनरचं टोक इथं पुरत नाही. प्रत्येक दाण्याच्या खालच्या अंगाला एचबीचा एक ठिपका दिला की तो उचलल्यासारखा दिसतो. यात वेळ जातो, जाऊ द्या. मी तर या दाण्यांसाठीच जास्वंद काढते.

पान करताना लक्षात ठेवा, ते चकचकीत आहे. पाकळीवरचा उजेड हळूहळू विरतो, पानावरचा उजेड धारदार कडेनं संपतो. देठाजवळ पानाची कड साधी असते आणि टोकाकडे दाते येतात. सगळ्या कडेला दाते काढले की ते पान जास्वंदीचं राहत नाही. आणि एक पान पाकळीच्या उजेडातल्या कडेमागे येईल अशी डहाळी ठेवा. पान गडद, पाकळीची कड उजळ, की तिथं बाह्यरेषा खोडून टाकता येते. तुम्ही आखलेली रेघ फुलाला कुठंच नसते. दोन छटा जिथं भेटतात तिथंच त्याची कड असते. शेवटच्या तासात खोडरबराचा कोपरा घेऊन सुरुवातीच्या रेघा शोधून शोधून फिक्या करा. चित्र खरं वाटायला लागतं ते इथून.

अशी कामं आपल्या भागात फार आधी झाली आहेत. पुण्याजवळच्या दापोडीला कंपनी सरकारचं वनस्पती उद्यान होतं. त्या उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमाराला तिथल्या झाडांची चित्रं एका भारतीय चित्रकाराकडून करून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. साहेबाचं नाव राहिलं, चित्रकाराचं नाव कुणी नोंदवलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे, चित्र कसंही होवो, खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, तारीख आणि फूल कुठल्या आवारातलं ते लिहायचं.

जास्वंद जमली की भेंडीच्या फुलाकडे वळा. ठेवण तीच, पाच पाकळ्या, तशीच फिरकी, मधली नळी आखूड. छटा मात्र उलट्या. पाकळ्या फिकट पिवळ्या, म्हणजे जवळपास कोरा कागद, आणि गळा गडद किरमिजी. इथं हात खरोखरच हलका ठेवावा लागतो आणि पाकळ्या उठवायला मागे पान लागतंच. परसात भेंडी लावली असेल तर सकाळी चहाआधीच फूल आणून ठेवा, दुपारनंतर ते मिटतं.