दोर बांधून उडी

उन्हाळ्यात १०८ च्या रुग्णवाहिकेला बुडाल्याचे कॉल येतातच. बहुतेकदा आम्ही पोचतो तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेतून, शेततळ्यात लेकरू बुडाल्याचा, मे महिन्यात कॉल आला, तेव्हाही मी मनाची तीच तयारी ठेवली होती.

पोचलो तर नऊ-दहा वर्षांचं लेकरू कुशीवर निजवलेलं, ओकत होतं, खोकत होतं, पण श्वास चालू होता. शेजारी ओल्या बनियनवर बसलेला तरुण सुट्टीवर आलेला जवान निघाला. आणि अख्खं गाव त्याच्यावर चिडलेलं!

पहिला राग दोराचा. शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो नि दोघंही जातात, असे कॉल मी पाहिलेत. लोक "आरं, उडी टाक की!" म्हणून ओरडत असताना ह्यानं पाण्याच्या मोटारीचा नायलॉनचा दोर आधी कडुलिंबाला बांधला, दुसरं टोक कमरेला, चौघांच्या हातात मधला दोर दिला आणि मग उडी टाकली.

दुसरा राग मोठा होता. लेकरू बाहेर आलं तेव्हा श्वास नव्हता. आजा म्हणाला, पाय धरून उलटं करा, गरगर फिरवा, पोट दाबा. आपल्याकडं हेच करतात. त्यानं छातीतलं पाणी निघत नाही; पोटातलं मात्र वर येऊन श्वासनलिकेत जातं. जवान म्हणाला, "कुणी हात लावायचा नाय." आधी तोंडानं पाच श्वास दिले, मग छाती दाबायला घेतली, तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे. आज्यानं त्याच्या पाठीत बुक्की घातली. ह्याची मोजणी थांबली नाही. पाण्यातल्या उडीपेक्षा मला ही गोष्ट अवघड वाटते.

रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्केच भरला. मास्क लावला. "आता बोलायलंय की लेकरू, कशाला न्यायलाव?" असं घरच्यांचं सुरू झालं. बुडालेल्याची फुप्फुसं काही तासांनीही दगा देतात, हे मी सांगून दमलो. जवान गाडीत चढून बसला, तेव्हा आजाही चढला. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात रात्रभर ठेवलं, पोरगं सुखरूप घरी गेलं.

पुढं सरपंच माझ्याकडं दाखला मागायला आले. त्यांना शौर्यचक्र हवं होतं. मी म्हटलं, बुडत्याला वाचवण्यासाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदकं आहेत, ड्यूटीवर नसलेल्या जवानालाही मिळतात. प्रस्तावात त्यांनी लिहिलं होतं, 'जिवाची पर्वा न करता उडी घेतली.' मी ते खोडून दोराचं लिहिलं.

"डॉक्टरसाहेब, दोर बांधला म्हणलं तर पदक हुकंल ना!"

बरीच हुज्जत झाली. शेवटी त्यांचं वाक्यही राहिलं आणि माझा दोरही.