ड्रमांवरची बार्शी लाईट

आमच्या घरी नळाला पाणी आलं की रेल्वे बंद होते. बंद म्हणजे उचलून भिंतीला टेकवून उभी केली जाते. सहा बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी, तिच्यावरचे रूळ, स्टेशन, चार बाभळी, एक देऊळ आणि दीड वर्षापासून अर्धवट असलेला पूल, हे सगळं मागच्या खोलीत तीन निळ्या ड्रमांवर ठेवलेलं आहे. ड्रम २०१६च्या पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात घेतलेले. तो उन्हाळा गेला, ड्रम राहिले. लातुरात अजून कुणी ड्रम भंगारात दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

फळीला घरात दुसरीकडे जागा नव्हती. दिवाणखान्यात सोफा, आतल्या खोलीत दादांची, म्हणजे वडिलांची, खाट, गच्चीवर ऊन. बायकोनं ड्रमांची जागा दिली ती एका अटीवर: नळ आला की पाच मिनिटांत झाकणं मोकळी. आता नळ येतो कधी आठव्या दिवशी, कधी दहाव्या, कधी रात्री तीनला. "अहो, नळ आला!" असा आवाज आला की मी अंथरुणातून उठून आधी इंजिन उचलतो, मग डबे, मग बायको आणि मी मिळून फळी. चष्मा शेवटी.

सुरुवात झाली ती मुलीच्या वाढदिवसाला आणलेल्या एका सेटनं. गोल रूळ, एक इंजिन, तीन डबे. मुलगी आठ दिवस खेळली आणि नवव्या दिवशी सायकलवर गेली. सेट माझ्याकडे आला. म्हणजे खरं सांगायचं तर तो माझ्यासाठीच आणला होता. वाढदिवस तिचा होता एवढंच. दादा खाटेवरून दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही कुठली गाडी?"

"जर्मनीकडची असंल."

"मग जर्मनीत चालव की. आपली गाडी अशी नव्हती."

आपली गाडी म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७मध्ये आताच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकला. पुढे तो एकीकडे पंढरपूरला गेला, दुसरीकडे १९११मध्ये लातूरला पोचला, आणि १९२७मध्ये मिरजेला. दादा लहानपणी आषाढीला याच गाडीनं आजीबरोबर पंढरपूरला जायचे. डब्यात जागा नसली की टपावर. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं खाली उतरायची, बोरं वेचायची आणि पुढच्या डब्यात चढायची. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि आषाढात बोरं कुठली, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

ती नॅरोगेज गेली. लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं ते २००७-०८मध्ये. जुन्या रुळाच्या जागी गावात रस्ता झाला, पण पत्ता सांगताना लोक अजून 'जुनी रेल्वे लाईन' असंच म्हणतात. रिक्षावाला बरोबर सोडतो.

दादांनी जर्मनीचं नाव काढल्यावर मी हिशोब करायला बसलो, आणि तिथं मला जो आनंद झाला तो घरात कुणालाच समजावता आला नाही. छोट्या रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशिवा भाग. त्याच्या दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाला सत्त्याऐंशीनं भागलं की बरोबर तेवढं येतं. आपलं ब्रॉडगेज १६७६. भागलं की सव्वाएकोणीस. म्हणजे त्या रुळावर आपली गाडी चालवली की ती मुळातच अंग चोरून उभी. पण बार्शी लाईटचा अडीच फुटी रूळ ७६२ मिलिमीटरचा. भागा सत्त्याऐंशीनं. पावणेनऊ! आणि एन नावाचं जे आणखी लहान माप आहे, त्याचा रूळ बाजारात तयार मिळतो तो नऊ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटर. रूळ आणि इंजिनाखालची चाकं-मोटर एनची घ्यायची, वरचं इंजिन, डबे, माणसं, झाडं सत्त्याऐंशीच्या मापानं आपण करायची, की झाली बार्शी लाईट. मी रात्री अकरा वाजता हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "गॅस बंद केला का?"

परभणीचा मेव्हणा आला तेव्हा त्यानं मीटरगेजचा आग्रह धरला. त्याचंही बरोबर होतं. मनमाडहून तेव्हाचं औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत हैदराबादकडे जाणारी निजामाची गाडी मीटरगेजच होती, आणि त्याचं बालपण त्या पूर्णा जंक्शनात गेलेलं. मी त्याला म्हटलं, तुझे ड्रम तुझ्या घरी आहेत.

मग माती. बाहेरची जी जी छोटी रेल्वे बघावी तिच्यात हिरवंगार गवत, नाहीतर बर्फ. आमच्याकडे हिरवं असतं ते जेमतेम चार महिने. बाकी वर्ष तुरीच्या तुराट्या आणि ढेकळं. मी ठरवलं, खरी माती वापरायची. रेणापूरकडच्या आमच्या रानातून पिशवीभर काळी आणली, चाळली, पाण्यात फेविकॉल घालून फळीवर थापली. काय सुंदर दिसत होती! रात्री झोपताना दोनदा उठून बघितली. सकाळी बघतो तर रानभर भेगा. बोटाएवढ्या रुंद, आणि एक तर स्टेशनाच्या फलाटाखालून आरपार गेलेली. रूळ एका जागी उचलला गेला होता.

दादांनी चहाचा कप हातात घेऊन पाहणी केली. "काळं रान वाळलं की फाटणारच. आधी मुरूम टाकायचा, मग रूळ. खरी लाईन टाकताना काय येड्यासारखी काळ्यावर टाकली असंल का?"

मी ती सगळी माती खरवडून काढली. तेव्हा दुसरी गोष्ट कळली. मुलीच्या कंपासपेटीत एक चुंबक होतं, ते तिनं सहज मातीच्या ढिगावरून फिरवलं, आणि वर आलं तेव्हा त्याला बारीक काळी दाढी आली होती. आपली काळी माती बेसॉल्टच्या दगडाची, तिच्यात लोहचुंबकाचे कण असतात. इंजिनाच्या मोटरीतही चुंबकच. ही माती रुळावर राहिली असती तर गाडीनं धावता धावता आमचं रान पोटात ओढून घेतलं असतं. मग मुलीनं दोन संध्याकाळी बसून ताटात माती पसरून चुंबक फिरवलं, चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, म्हणजे पिशवी काढली की कण आपोआप गळतात. ही युक्ती तिची. आता फळीवर खाली मुरूम, वर चुंबकानं झाडलेली काळी माती, अगदी पातळ थर. भेगा पडल्या, पण केसाएवढ्या. तेवढ्या मी मुद्दाम ठेवल्या.

रुळांखालची खडी क्रशरची कच चहाच्या गाळणीनं चाळून केली. बायकोनं नवी गाळणी आणली आणि जुनीच्या दांड्यावर मार्करनं 'रेल्वे' लिहून ती माझ्या हातात दिली. बाभळी तुळशीच्या वाळक्या काड्यांच्या, त्यांना हळदीत आणि चहाच्या चोथ्यात रंगवलेला भुस्सा. मला विचाराल तर या बाभळींएवढं चांगलं काम मी नोकरीत कधी केलेलं नाही.

गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा घरात दोन तट पडले. मुलीला ती पळायला हवी. दादा म्हणाले, "हळू. अजून हळू." ताशी पंचवीस किलोमीटर धरले तर सत्त्याऐंशीच्या मापात सेकंदाला आठ सेंटीमीटर होतात. आठ सेंटीमीटर! आमच्या स्वयंपाकघरातलं झुरळसुद्धा याहून जोरात जातं. बारा व्होल्टची मोटर इतकी हळू चालवायची म्हणजे तिला जेमतेम वीज द्यायची, आणि मग रुळावर धुळीचा कण जरी आला तरी ती थांबते. धूळ तर आमच्याकडे मार्चपासून पाहुणी. त्यामुळे रोज स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसणं आलं. पण त्या वेगात गाडी वळणावरून येते ना, डबे एकामागून एक मान वळवत, तेव्हा दादा बोलायचे थांबतात. नंतर वाटेतलं येडशी स्टेशन कुठं आहे, विचारतात. मी सांगतो, दादा, लातूर ते कुर्डुवाडी दीडशे किलोमीटर. मापात केलं तरी पावणेदोन किलोमीटर लांब फळी लागंल. सहा फुटांत येडशी कुठून बसवू? त्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते मी देवळाला उगाच जागा दिली.

मुलीला रेल्वेत रस नाही असं मी धरून चाललो होतो. पण एक दिवस तिनं होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, आडव्या करून चपट्या डब्यांवर चिकटवल्या आणि म्हणाली, "ही पाण्याची गाडी." २०१६मध्ये ती दोन वर्षांची होती, तिला काही आठवणं शक्य नाही, घरात ऐकूनऐकून माहीत. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आलं ते रेल्वेनं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या, पंचवीस लाख लिटरच्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. दादा त्या वेळी एवढंच म्हणाले होते, "आम्ही जायचो तीच वाट."

"पण ती ब्रॉडगेजवरून आली," दादांनी नातीला अडवलं. "या रुळावर पाण्याची गाडी नव्हती."

"आजोबा, तहान लागल्यावर कुणी गेज बघतं का?"

मी पुन्हा हिशोबाला बसलो. पाण्याला सत्त्याऐंशीनं तीनदा भागावं लागतं: लांबी, रुंदी, उंची. पन्नास वाघिणींचं पंचवीस लाख लिटर पाणी आमच्या फळीवर आणलं तर ते भरतं पावणेचार लिटरच्या जरा वर. आमची कळशीसुद्धा भरत नाही. बायको हा हिशोब ऐकून पहिल्यांदाच फळीजवळ बसली. म्हणाली, "आणि तेवढं पाणी आपल्याला किती दिवसांनी यायचं, तेही भागून सांगा."

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. दरवर्षी आरास ती करते, मी खिळे ठोकतो. या वर्षी तिनंच फळी पुढच्या खोलीत घ्यायला लावली. मुखवट्यांसमोर, फुलोऱ्याच्या करंज्यांखाली आमची लाईन. बायका हळदीकुंकवाला येत होत्या आणि आधी गाडी बघून मग ओटी घेत होत्या. शेजारच्या काकूंनी सोळा भाज्यांचं कौतुक केलं, मग वाकून इंजिनालाच हळदकुंकू लावलं. चिमूटभर कुंकू रुळावर सांडलं. गाडी अर्धवट पुलाच्या अलीकडे थबकली.

मी स्पिरिटचा बोळा शोधायला लागलो. दादा खुर्ची ओढून फळीला लागून बसले होते. म्हणाले, "राहू दे. इथं थांबायचीच ती. पाणी घ्यायला."

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, नळ आला म्हणून. पैठण्या सावरत चार जणी तिच्या मदतीला मागे गेल्या. मी सवयीनं फळीचं टोक धरलं, मग आठवलं, ड्रमांवर आज काहीच नाही. मागच्या खोलीत झाकणं उघडल्याचा आवाज आला, पाइपातली हवा फुरफुरली आणि धार लागली. दादांनी करंगळी पुढे करून इंजिनाला मागून हलकेच ढकललं.