पार्किंग परमिट महागलं, आणि मी कौन्सिलला हिशेब मागितला

इंग्लंडमध्ये आम्ही राहतो त्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे गाडी रस्त्यावरच लावावी लागते. रस्ता 'कंट्रोल्ड पार्किंग झोन'मध्ये येतो, म्हणजे दरवर्षी कौन्सिलकडून (इथल्या स्थानिक पालिकेकडून) परमिट घेणं आलंच. या वर्षी नूतनीकरणाच्या ईमेलमधला आकडा गेल्या वर्षीच्या जवळपास दीडपट होता. पाहुण्यांच्या गाडीसाठीच्या व्हाउचरचे दर त्याहून जास्त वाढले होते. परमिट म्हणजे जागेची हमी नव्हे, हे खाली बारीक अक्षरात होतंच.

गल्लीतल्या बऱ्याच जणांनी 'फार महाग आहे' अशी तक्रार केली. सगळ्यांना एकाच साच्यातलं उत्तर आलं: दर ठरवणं हा धोरणाचा भाग आहे, तक्रार प्रक्रियेत तो बसत नाही. म्हणून मी लिहायच्या आधी कायदा वाचायला घेतला. कंटाळवाणा असतो, पण इथे तोच कामी आला.

पार्किंगचं शुल्क आकारायचा अधिकार कौन्सिलला १९८४च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन अ‍ॅक्टने मिळतो. तो अधिकार वाहतूक सुरळीत आणि सुरक्षित ठेवण्यासाठी, पार्किंगची पुरेशी सोय करण्यासाठी आहे. तिजोरी भरायला नाही. २०१३ साली लंडनच्या बार्नेट कौन्सिलविरुद्ध एक रहिवासी उच्च न्यायालयात गेला होता. तिथे परमिट ४० पौंडांवरून १०० वर आणि पाहुण्यांचं व्हाउचर १ पौंडावरून ४ वर नेलं होतं. इतर वाहतूक खर्चासाठी जादा पैसा उभा करायला या कायद्याखाली दर वाढवता येत नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं आणि ती वाढ बेकायदा ठरवली. याचा अर्थ शिल्लक राहणंच गैर, असा मात्र नाही. शिल्लक राहू शकते. ती कुठे खर्च करायची हे याच कायद्याचं कलम ५५ सांगतं. खरा प्रश्न एवढाच की दर वाढवले कशासाठी.

तेवढंच मी विचारलं. माहितीच्या अधिकारासारखा इथे २०००चा फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट आहे. उत्तराला कामकाजाच्या २० दिवसांची मुदत असते. दरवाढीचा निर्णय झाला तो अहवाल, त्यासोबतचं समानतेवरील परिणामांचं मूल्यांकन (म्हणजे वृद्ध, अपंग अशा गटांवर निर्णयाचा काय परिणाम होईल याचा अभ्यास) आणि पार्किंग खात्याचा हिशेब, एवढं मागितलं. (हिशेब तर कौन्सिलने दरवर्षी स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. वेबसाइटवर तो सापडणं ही वेगळी तपश्चर्या.) कागद अगदी शेवटच्या दिवशी आले. अहवालात रस्त्यावरची गर्दी, प्रदूषण वगैरे कारणं होती, पण अर्थसंकल्पाच्या तक्त्यात हीच वाढ 'अतिरिक्त उत्पन्न' या सदराखाली बसली होती. आणि परिणामांच्या मूल्यांकनात घरी येणाऱ्या काळजीवाहकांचा उल्लेखच नव्हता.

आमच्या समोरच्या बाई नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांच्याकडे गाडी नाही, पण मुलगी रोज त्यांचं करायला येते आणि प्रत्येक वेळी व्हाउचर लागतं. त्यांची परवानगी घेऊन मी तक्रारीत त्यांची बाजू मांडली. आमच्या कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका, बाई शनिवारी लायब्ररीत लोकांना भेटतात; कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी समितीच्या बैठकीत प्रश्न विचारायला लावला. एरवी हसून वेळ मारून नेणारे अधिकारी 'काळजीवाहकांचा विचार कुठे केला?' याला 'धोरण' म्हणून टोलवू शकले नाहीत.

तक्रारीच्या पहिल्या पायरीवर नकार आला. दुसऱ्या पायरीवर वरिष्ठांनी मूल्यांकन अपुरं असल्याचं मान्य केलं आणि नातेवाईक काळजीवाहकांसाठी सवलतीचं परमिट आणलं. समोरच्या बाईंच्या मुलीला ते मिळालंय. बाकी दर तसेच राहिले.

आता प्रकरण स्थानिक सरकारच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे दिलंय. तिथे फी नसते. कौन्सिलच्या पायऱ्या संपवून, आणि गोष्ट कळल्यापासून साधारण वर्षाच्या आत जायचं असतं. दर योग्य की अयोग्य हे लोकपाल ठरवत नाही, निर्णयाच्या पद्धतीत चूक झाली का एवढंच बघतो. न्यायालयाचा रस्ताही आहे, पण त्याची मुदत फार तर ३ महिने आणि खर्च आमच्या गल्लीला झेपणारा नाही. नवीन दराने परमिट मी भरून टाकलंय, कारण विनापरमिट गाडीवर चिकटणारी दंडाची नोटीस त्याहून महागात पडते.